जातभेद हा दवाखान्याच्या परवान्याचा प्रश्न आहे

दवाखान्यात आपल्या माणसाला वाईट वागणूक मिळाली की वस्तीत दोनच वाक्ये ऐकू येतात. "तो डॉक्टरच तसा आहे" किंवा "जाऊ दे, पेशंट बरा झाला ना!" पहिल्या वाक्यात आपण दोष एका माणसाच्या स्वभावावर टाकतो, दुसऱ्यात तो सोडूनच देतो. स्वभावाला औषध नाही, हे खरे. पण दवाखाना स्वभावावर चालत नाही, नोंदणीवर चालतो. डॉक्टर, नर्स, इमारत, सोनोग्राफीचे मशीन, सगळ्यांना नोंदणी लागते. मग माणसाशी जात पाहून वागणाऱ्याची नोंदणी कधी तपासली जाणार, हा माझा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ सालचे पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. तिला बाहेर आणायला लावले. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हातात, त्याच्याकडून नवऱ्याच्या हातात आणि मग तिच्याकडे गेला. दोन रुपये फी देऊनही डॉक्टर पुन्हा तपासायला आला नाही. ती बाई वाचली नाही.

आज थर्मामीटर असा हातोहात फिरत नाही. आज आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग वाडी. पत्त्यात 'बौद्धवाडी' आले की काही ठिकाणी आवाज बदलतो. कळा सोसणाऱ्या बाईला "तुमच्यात असंच चालतं" असे ऐकवले जाते. गोळ्या हातावर वरून टाकल्या जातात. आजार काय, इंजेक्शन कशाचे, हे समजावून सांगितले जात नाही. "तुला काय कळणार" म्हणून विषय संपतो. मी नोकरी केलेल्या एका रुग्णालयात ड्युटी लावताना बेडपॅन आणि घाण जखमांचे ड्रेसिंग ठराविक आडनावांच्या सिस्टरांकडेच जायचे. सगळीकडे असेच होते असे मी म्हणत नाही. आपल्या माणसांसाठी रात्र रात्र जागणारे डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईही मी पाहिल्या आहेत. पण चांगली वागणूक मिळणे हे रुग्णाच्या नशिबावर सोडता येणार नाही.

आता नियम पाहा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला एक प्रतिज्ञा जोडलेली आहे. माझे कर्तव्य आणि माझा रुग्ण यांच्यामध्ये धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण किंवा सामाजिक दर्जा येऊ देणार नाही, असे त्यात म्हटले आहे. वंश आहे, जात नाही! ज्या देशात बाळंतिणीला थर्मामीटर तिसऱ्या हाताने मिळत होता, तिथल्या प्रतिज्ञेत 'जात' हा शब्दच नाही. ब्रिटनमध्ये नर्सने वंशभेदी वर्तन केले, तर तिची नोंदणी राहावी की नाही याची चौकशी तिथले नर्सिंग कौन्सिल करू शकते. त्या कौन्सिलच्या कारभारातही वंशभेद आहे, असे २०२४ मध्ये एका स्वतंत्र अहवालाने दाखवून दिले, म्हणजे तेही काही आदर्श नव्हेत. पण प्रश्न नियामकाच्या टेबलावर आला, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे तो थेट पोलिस ठाण्यात जातो, तोही फार उशिरा. जळगावची डॉ. पायल तडवी ही आदिवासी तडवी भिल्ल समाजाची मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्यांनी आरोप नाकारले आहेत, निवाडा न्यायालयाचा. पण रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा पायल नव्हती.

कायदे कमी नाहीत. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेवरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे आणि दाखल केल्यानंतर भेदभाव करणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. अॅट्रॉसिटी कायद्यातील २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. "तुम्ही बौद्ध, तुम्हाला हे लागू नाही," असे कुणी म्हटले तर ऐकू नका. १९९० पासून अनुसूचित जातींतील बौद्धांना हे संरक्षण आहे.

अडचण वेगळी आहे. मंडणगडच्या माणसाला जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब. जवळच्या एकमेव दवाखान्याविरुद्ध आज फिर्याद दिली, तर उद्या तापलेले पोर कुठे न्यायचे? साक्षीला वॉर्डातले कोण येणार? म्हणून फक्त फौजदारी कायद्यावर विसंबून चालणार नाही.

सोनोग्राफीचे उदाहरण घ्या. मुलगी नको ही मानसिकता बदलेल, याची सरकारने वाट पाहिली नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे एफ फॉर्म, मशीनची नोंदणी, अचानक तपासणी, मशीनला सील. त्याने सगळे सुधारले नाही. पण फॉर्म चुकला तर मशीन बंद होते, हे प्रत्येक सोनोग्राफीवाल्याला माहीत आहे. जातभेदाच्या बाबतीत अशी भीती कुणाला आहे?

म्हणून मागण्या साध्या आहेत. मेडिकल कौन्सिल आणि नर्सिंग कौन्सिलने जातीवरून भेदभाव हे स्पष्ट शब्दांत गैरवर्तन म्हणून लिहावे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत जातीवरून भेदभाव न होण्याचा हक्क आहे. खासगी रुग्णालयांनी हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा महाराष्ट्राचा २०२१ चा नियमही आहे. सनदेतील ती ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसली पाहिजे. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी तक्रार वही तपासली पाहिजे. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे दुसरी पायल होऊ नये, याची व्यवस्था आजच व्हावी.

तोवर आपल्या हातात काय आहे? उपचार अर्धवट टाकून घरी येऊ नका, आधी जीव. पण त्याच दिवशी तारीख, वेळ, वॉर्ड आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. केसपेपरची प्रत लेखी मागा, ती ७२ तासांत द्यावी असा डॉक्टरांना नियम आहे. तक्रार वैद्यकीय अधीक्षकांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी द्या आणि पोच घ्या. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

एकट्या बाळंतिणीच्या नवऱ्याने हे करणे कठीण. म्हणून प्रत्येक गावशाखेने विहारात एक वही ठेवावी आणि अर्ज लिहून देणारी दोन शिकलेली मुले-मुली नेमावीत. अर्जावर एका घराची नव्हे, शाखेची सही जावी. एक तक्रार फाईलमध्ये दाबता येते, पण तालुक्यातून वीस आल्या तर परवाना देणाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल.

जय भीम.