येसूबाईंचं पुढं काय झालं?

मैत्रिणींनो, 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ला लागला आणि आठवड्याभरातच बचत गटातल्या आम्ही सातजणी जीप ठरवून खर्ड्याहून नगरला गेलो. शेवटच्या प्रसंगाला सगळ्यांचे पदर डोळ्यांना. विकी कौशलने कामच तसं केलंय. परतताना एकीने विचारलं, "ताई, येसूबाईंचं पुढं काय झालं?" आणि मला धड सांगता येईना. बी.ए.ला इतिहास होता बरं का माझा!

घरी येऊन शिवाजी सावंतांची कादंबरी काढली. १९७९ची, चांगली जाडजूड. तिच्यात दोन वर्षांचा असताना आई गमावलेलं पोर आहे, आजी जिजाऊ आहेत, आग्र्याचा प्रवास आहे. सिनेमा थेट १६८१च्या बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून उघडतो. पावणेतीन तासांत बसवायचं तर लक्ष्मण उतेकरांनी कात्री लावणारच, त्याबद्दल तक्रार नाही. वाद झाले ते वेगळेच. लेझीम खेळण्याचा प्रसंग आक्षेपानंतर काढला, शिर्के घराण्याचे वंशज नाराज झाले. येसूबाई त्याच शिर्क्यांची लेक, पण त्या गदारोळात तिच्याविषयी कुणी बोललेलं मला तरी दिसलं नाही.

नवरा १६८९च्या मार्चमध्ये मारला गेला. रायगडाला वेढा पडलेला. तेव्हा या बाईने दिराला, राजारामांना, गडाबाहेर काढलं आणि स्वतः सात वर्षांच्या शाहूला घेऊन मागे थांबली. गादीवर माझाच मुलगा हवा, असा हट्ट धरला नाही. त्याच नोव्हेंबरात गड पडला नि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले १७०७ला. आईला मात्र ओलीस ठेवून घेतलं. ती परतली १७१९मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. यावर अख्खा दुसरा सिनेमा होईल की नाही, तुम्हीच सांगा.

आमच्या खर्ड्यालाही लढाई झाली, १७९५ला, मराठे नि निजामाची. निजाम हरून किल्ल्यात शिरला. तोफांच्या आवाजाने जनानखाना भ्याला म्हणून तो मागे फिरला, असं जुन्या पुस्तकांत लिहिलंय. बघा, पराजयाचं खापरही बायकांच्याच डोक्यावर!

सिनेमानंतर महिन्याभरात खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापलं, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. आमच्याकडे दगड उचलला नाही कुणी, पण पोरांच्या मोबाइलवर नको नको ते स्टेटस. औरंगजेब मेला तो आपल्या नगरजवळ, भिंगारला, १७०७मध्ये. त्याचा जाब २०२५ला आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने का द्यावा? जीपमध्ये येसूबाईंचं विचारणारी तीच होती. रडलीही होती आमच्याबरोबर. त्यानंतर दोन बैठकांना ती आलीच नाही. हप्ता मुलाबरोबर पाठवला.

मग मीच तिच्या घरी गेले, कादंबरी पिशवीत घालून. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. निघताना म्हणाली, "ताई, पुस्तक ठेवून जाता का? पण मला वाचायला वेळ लागतो."

आता शनिवारच्या बैठकीत हिशेब आटोपला की वीस पानं मोठ्याने वाचतो. सध्या आग्र्यापर्यंत आलोय.