प्लास्टिकचा रस्ता चालेल, पण प्लास्टिक कोणते ते सांगा

रस्त्यात प्लास्टिक घातले की कचऱ्याचा प्रश्न मिटला, असा समज पसरतो आहे. आधी हिशेब पाहू. साध्या एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये साधारण १ टन प्लास्टिक जिरते. देशात वर्षाला सुमारे ४० लाख टन प्लास्टिक कचरा तयार होतो. म्हणजे दरवर्षी ४० लाख किलोमीटर रस्ता हवा! देशातले सगळे रस्ते मिळून ६३ लाख किलोमीटरच्या आसपास आहेत.

तरीही पद्धत चांगली आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ती विकसित केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पिशव्या, वेष्टने बारीक कातरून सुमारे १६० ते १७० अंश तापलेल्या खडीवर टाकतात. प्लास्टिक वितळून खडीवर पातळ थर बसतो, त्यावर डांबर. पावसाचे पाणी खडीची डांबरावरची पकड सोडवते, म्हणून आपले रस्ते उखडतात. हा थर नेमके तेच रोखतो. डांबरही थोडे कमी लागते.

अडचण सुरू होते ती हॉटमिक्स प्लांटवर. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन चालते. पीव्हीसी अजिबात नाही. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू सुटतो आणि तो पहिल्यांदा जातो तिथे उभ्या असलेल्या मजुराच्या छातीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही पीव्हीसी वर्ज्य ठरवले आहे. पण ओला-सुका कचराच जिथे धड वेगळा होत नाही, तिथे पीव्हीसीचा तुकडा निवडणार कोण? कचरावेचक बाई. तिच्या मजुरीचा रकाना निविदेत सहसा दिसत नाही.

झिजेबद्दल तर कोणी बोलतच नाही. टायरखाली रस्ता झिजतो, खड्डा पडला की तुकडे उडतात, आणि प्लास्टिक चिकटलेले ते कण पहिल्याच पावसात गटारातून नदीत जाऊ शकतात. जुना थर खरवडून काढल्यावर तो माल कुठे टाकला, याची नोंद ठेवायला हवी.

महापालिकांनी ‘इतके किलोमीटर प्लास्टिक रस्ते’ असे फलक जरूर लावावेत. त्याच फलकावर प्लास्टिक कोणत्या प्रकारचे, कुठून आले आणि प्लांटवर तापमान किती होते, हेही लिहावे. देयक त्यानंतरच काढावे.