पोर्टच्या बाटल्या घेऊन ठेवणं कधी थांबवायचं?



गोडी छाटणीच्या नोंदी दोन दिवस बाजूला ठेवतो. वायनरीला माल देणाऱ्या तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारलाय. पोरं-पुतणे परदेशातून येताना पोर्ट आणतात, ती ठेवली की मुरते म्हणतात, मग अशी किती वर्षं घेत राहायची? मी घेणं थांबवलंय. वय ५६. पुतण्याला यंदा सांगून टाकलं, आता ठेवायची बाटली आणू नको. त्याला वाटलं काका आजारी पडले की काय. तसं काही नाही. सरळ हिशोब आहे, तो इथे मांडतो.

शेतीच्या पानावर दारूचा विषय कशाला, असं काही जण म्हणतील. आमचंही घर माळकरी आहे, घरात बाटली उघडत नाही, ते काम मळ्यावर. पण शिराझ आणि कॅबरने आपण पिकवतो, ब्रिक्स आपण मोजतो, आणि त्या द्राक्षाचं पुढे काय होतं हे फक्त वायनरीवाल्याने समजून घ्यावं हे मला पटत नाही. शिवाय शेवटी हा हिशोब आपल्या बागेवरच येतो.

आधी पोर्ट म्हणजे काय ते. पोर्तुगालमधल्या डौरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षाची ही वाइन. १७५६ साली तिथल्या सरकारने या भागाची हद्दच आखून दिली. रस आंबत असताना साखर अजून बरीच शिल्लक असते, तेव्हाच त्यात द्राक्षाचा कडक अर्क ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते. अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जातं. अशा अर्क घातलेल्या वाइनला फोर्टिफाइड म्हणतात. आपल्याकडे शेनिन ब्लाँची लेट हार्वेस्ट निघते ती गोड असते, पण फोर्टिफाइड नाही. आणि गोव्याहून येताना लोक स्वस्तातली गोड लाल ‘पोर्ट’ आणतात, ती वर्षानुवर्षं ठेवायची चीज नाही. आणली की पिऊन संपवायची.

ठेवायची असते ती व्हिंटेज पोर्ट. एकाच चांगल्या सालातली, पिंपात दोनेक वर्षं राहिलेली आणि मग बाटलीत भरलेली. पुढचं सगळं मुरणं बाटलीत होतं, त्याला वीस वर्षं तरी लागतात, चांगल्या सालाला चाळीसही. दरवर्षी ती निघत नाही. दहा वर्षांत साधारण तीन वेळा साल जाहीर होतं. २०११ मोठं गाजलं. नंतर २०१६ आणि २०१७ लागोपाठ जाहीर झाली, असं क्वचितच होतं.

माझ्याकडे २०११ च्या चार, २०१६ च्या सहा आणि २०१७ च्या चार आहेत. एकूण चौदा. परवाना काढलाय, मर्यादा बघूनच ठेवल्यात. विमानाने येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला दोन लिटर आणता येतं, त्यात दोन बाटल्या बसतात. पुतण्या आणि सूनबाई दोघं आले की चार. इथे दुकानात घ्यायची तर आयात शुल्कच कित्येक वर्षं दीडशे टक्के राहिलंय, तो मार्ग मी धरला नाही.

आता मोजा. वीस वर्षं धरली तर २०११ ची बाटली २०३१ ला तयार, तेव्हा मी ६२. २०१६ ची २०३६ ला, मी ६७. २०१७ ची २०३७ ला. व्हिंटेज पोर्ट एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, नाहीतर चव उतरते. २० टक्क्यांची पाऊण लिटर बाटली एकट्याने संपवायची नसते, पाच-सहा माणसं बसायला हवीत. आमच्याकडे असं बसणं वर्षातून दोनदा होतं. एकदा खुडा उरकल्यावर, एकदा दिवाळीनंतर. म्हणजे वर्षाला दोन बाटल्या. चौदा बाटल्यांना सात वर्षं. तयार होण्याचं साल आणि उघडण्याचा वेग एकत्र धरला तर शेवटची बाटली २०४० मध्ये फुटेल. मी ७१ वर्षांचा.

या दशकातलं नवं साल आज घेतलं तर ते २०४३ च्या पुढे तयार होणार, आणि रांगेत या चौदांच्या मागे उभं राहणार.

इथे बरेच जण चुकीचा आकडा धरतात असं मला वाटतं. ते म्हणतात, आमचे वडील ८५ पर्यंत होते, मग मला अजून तीस वर्षं आहेत. अहो, जगायची वर्षं वेगळी आणि प्यायची वर्षं वेगळी. पोर्टमध्ये लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते. आपल्या वयाच्या दहा बागायतदारांत शुगर-बीपीच्या गोळ्या घेणारे किती, ते तुम्हीच मोजा. डॉक्टरने एकदा हात आडवा केला की तुमची वर्षं त्या दिवशी संपली, मग माणूस नव्वदपर्यंत जगो. मी माझ्यापुरती हद्द सत्तरीची धरली. कुणी ६५ धरेल, कुणी ७५. आकडा ज्याचा त्याने ठरवावा, पण आधी ठरवावा आणि मग बाटल्या मोजाव्यात. बाटली हातात आल्यावर आकडा सरकवायचा नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि हिच्याकडे कुणी बघत नाही. वीस-चाळीस वर्षांचा जो हिशोब आहे तो त्यांच्याकडच्या १२ ते १५ अंशांच्या तळघराचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सातपूरच्या जुन्या घराला तळघर आहे, तिथे बाटल्या आडव्या ठेवल्यात म्हणजे बूच ओलं राहतं. थर्मामीटर लावलाय. मेमध्ये २९ दाखवतो, डिसेंबरात २१. जमिनीत खोल गेलं तर तापमान वर्षभर एकसारखं होतं हे खरं, पण ते त्या गावच्या वर्षाच्या सरासरीवर येऊन थांबतं. नाशिकची सरासरी २४-२५ च्या आसपास. म्हणजे कितीही खोल खणा, पोर्तुगालचं तळघर मिळणार नाही. उष्णतेत वाइन लवकर पिकते, आणि नुसती लवकर पिकत नाही, चवही वेगळ्या वाटेला जाते. कैरी झाडावर पाडाला येणं आणि पावडर टाकून पिकवणं यात जो फरक, तसाच काहीसा.

वाइनसाठी वेगळा फ्रिज मिळतो. घेणाऱ्याने घ्यावा. पण वीस वर्षं तो चालू ठेवायचा, मध्ये लाइट जाणार, कॉम्प्रेसर बसणार, आणि बाटलीच्या किमतीपेक्षा बिल जास्त होणार. चौदा बाटल्यांसाठी हे मला परवडत नाही. म्हणून माझ्या २०११ च्या बाटल्यांना मी २०३१ ची वाट बघायला लावणार नाही. पुढच्या खुड्यानंतर पहिली उघडून बघणार. जुळली असेल तर बाकीच्यांचं सालही अलीकडे ओढणार.

तिसरी गोष्ट वारसाची. इंग्रज लोकांत एक जुनी चाल होती. मूल जन्मलं की त्याच्या नावाने पोर्टचं पिंप घेऊन ठेवायचं, साधारण ५५० लिटरचं, पोरगं मोठं झालं की त्याने प्यावं. ऐकायला छान वाटतं. आपल्याकडेही कुणी म्हणतं, मला नाही तर पोराला होईल. माझा मुलगा पीत नाही. ती चांगलीच गोष्ट आहे आणि त्यात मी बदल करायला जाणार नाही. सूनबाईला त्या बाटल्या म्हणजे तळघरातली अडचण. ज्याच्यासाठी ठेवताय त्याला आजच विचारा, तुला हवी आहे का? त्याने तोंडभरून हो म्हटलं तर घ्या बापडे, तुमचं वय ऐंशी असलं तरी घ्या. ‘बघू पुढे’ म्हणाला तर ते नाहीच धरायचं. परवान्याचंही बघा. माणूस गेला की त्याचा परवाना पोराच्या नावावर आपोआप होत नाही, मागे राहिलेल्याला नसती उठाठेव.

मग पोर्ट आवडते त्याने काय करायचं? टॉनी घ्यायची. ही लाकडी पिंपात मुरवतात, आणि बाटलीवर १०, २०, ३०, ४० वर्षं असं लिहिलेलं असतं. बाटलीत भरली की तिचं मुरणं संपलं, ठेवून काही वाढत नाही. दुसऱ्या कुणीतरी वाट बघून झालेली आहे, आपण फक्त प्यायची. उघडल्यावरही ती काही आठवडे टिकते, त्यामुळे पाच-सहा माणसं जमवायची गरज नाही, दोघं भाऊ बसले तरी पुरे. पुतण्याला मी हेच सांगितलंय. आणायचीच तर एक टॉनी आण, ती त्याच वर्षी संपेल.

आणि ज्याला ठेवायचीच हौस आहे त्याने मडेराचं नाव लक्षात ठेवावं. मडेरा हे पोर्तुगालचंच समुद्रातलं बेट. तिथली वाइन जुन्या काळी जहाजातून भारताकडे यायची, वाटेत उन्हाने पिंपं तापायची, आणि लोकांच्या लक्षात आलं की तापून ती बिघडण्याऐवजी सुधारतेय. मग मुद्दाम पिंपं इकडे पाठवून परत न्यायला लागले. आता तर टाकीतच तीन महिने ४५ अंशांच्या वर ठेवून तापवतात. काही चांगल्या प्रतीच्या माळ्यावर वर्षानुवर्षं तापत ठेवतात. आपल्या मे महिन्याला तोंड देईल अशी फोर्टिफाइड वाइन मला तरी ही एकच दिसते. पण तिलाही वयाचा हिशोब चुकत नाही.

आता बागेकडे येतो. ज्यांना पोर्टशी घेणं नाही त्यांनी निदान एवढं वाचावं.

रूटस्टॉक फेब्रुवारीत लावलं, ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरलं, मग रिकट, खोड, ओलांडा, आणि लावल्यापासून दोन वर्षांनी पहिला माल. तिकडे डौरोत ऐंशी वर्षांच्या वेली सापडतात, कारण थंडीत वेल झोपते आणि वर्षाला एकच छाटणी होते. आपली वेल झोपत नाही. एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी, वर्षात दोनदा कात्री. त्यामुळे माझ्या अनुभवात पंधराएक वर्षांनी ओलांडे थकायला लागतात, काडी बारीक पडते. ५६ व्या वर्षी नवा प्लॉट लावला तर तो ऐन भरात असताना मी ६५ आणि उतरायला लागेल तेव्हा ७२-७३. प्यायची वर्षं वेगळी म्हटलं तशीच बागेची. सात-बारावर नाव असणं वेगळं आणि पहाटे डाउनीची फवारणी काढायला उठणं वेगळं.

त्यात वायनरीचा करार माझ्या वयापेक्षा कमी वर्षांचा असतो. २००८-०९ ची मंदी ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. मालाला उठाव राहिला नाही आणि कितीतरी जणांनी उभ्या वाइनच्या बागा तोडल्या. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, त्यांचीही पोरं आता सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागतायत. आणि सातपूरचं म्हणाल तर शिवारात वेलीपेक्षा पत्र्याचे शेड जास्त झालेत. गुंठ्याचा भाव ऐकला की पोरगा बागेकडे कोणत्या नजरेने बघतो ते बापाला कळतं.

म्हणून कॅबरनेचा नवा एकर यंदा लावत नाहीये. जुन्या प्लॉटमधल्या नांग्या भरतोय, जिथे ओलांडा थकलाय तिथे खालून नवी काडी घेऊन ओलांडा बदलतोय. मुलाने कात्री हातात घेऊन म्हटलं की लावू, तर त्याच्या वयाने हिशोब धरून लावू. तो ३० चा आहे, त्याची पंधरा वर्षं वेगळी.

कृषी क्षेत्रातल्या मित्रांना एक विनंती. दुहेरी छाटणीखाली वाइनच्या वेलीचं उत्पन्न आणि रंग नेमका कितव्या वर्षापासून उतरतो, याच्या सलग नोंदी कुणाकडे असतील तर खाली टाका. आणि कुणाच्या वाड्यात जुनं धान्याचं पेव असेल तर त्यात वर्षभर थर्मामीटर ठेवून आकडे कळवा, माझ्या तळघराशी ताडून बघायचेत. उतरण्याआधी पेव चांगलं दोन दिवस उघडं ठेवा आणि वर माणूस उभा करा. आतली हवा कोंडलेली असते, जीव जातो.