वारीची सोबत आणि घरचा पेरा



ज्येष्ठ सरत आला की पारावर एकच बोलणे सुरू होते : यंदा कोण कोण निघाले? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा हळू आवाजात : पेरणीचे काय? पहिल्या प्रश्नाला दहाजण उत्तर देतात. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक घरांत घरधनीण देते आणि तेही न बोलता. ती घरी राहते.

वारी आणि पाऊस यांचा मेळ दरसाल सारखा बसत नाही. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, तर २०२५ साली ६ जुलैला. तुकोबारायांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. म्हणजे अठरा-वीस दिवस चालण्याचे, शिवाय परतीचे. एकादशी जूनअखेर असली तर परत येऊन तिफण धरता येते. २०२३ साली तर पाऊसच लांबला होता. मुंबईला तो २५ जूनला पोचला. पण एकादशी जुलैच्या मध्यावर गेली की तुम्ही दिवेघाट चढत असता आणि इकडे रानाला वाफसा आलेला असतो.

सोलापूरकडच्या किंवा अहिल्यानगरच्या पूर्व भागातल्या रब्बीच्या शेतकऱ्याला ही अडचण कमी. त्याची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची असते. सोयाबीन, मूग, उडीदवाल्यांनी मात्र निघण्याआधीच ठरवले पाहिजे.

यावर उपाय जुनाच आहे. सावड. औताला जशी सावड करता तशी वारीला करा. बांधाला बांध लागून असलेल्या दोन घरांनी एक वर्ष एकाने जावे, दुसऱ्याने दोघांचा पेरा सांभाळावा. पुढच्या वर्षी उलट. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असेल तर आधी ते मिटवा. निदान वारीच्या निमित्ताने तरी मिटेल.

ज्याच्यावर पेरा सोडता, त्याच्या हाती बियाणे तपासून द्या. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर शंभर दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. पाच-सहा दिवसांनी मोजा. सोयाबीनचे सत्तर दाणे चांगले उगवले तर बियाणे ठीक. त्याहून कमी असतील तर बी वाढवून पेरा. फारच कमी असतील तर बियाणेच बदला. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन नीट ओलावल्याशिवाय पेरू नये, सोयाबीन तीन ते पाच सेंटीमीटरपेक्षा खोल नको, मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नको. पंधरा जुलैपर्यंत सोयाबीन साधले नाही, तर तूर, बाजरी किंवा सूर्यफुलाचा विचार करावा. तोंडी सांगितलेले पावसात वाहून जाते. कागद राहतो.

राहता राहिली म्हैस. ती अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही, हे बायामाणसांना सांगायला नको. जो मागे दूध काढणार, त्याने निघण्याआधी आठ-दहा दिवस घरधनिणीबरोबर गोठ्यात बसावे. आंबोण तेच, वेळ तीच, भांडेही तेच ठेवावे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्यावी.

हे सगळे एवढ्यासाठी सांगतो, की कारभाऱ्यांनी या खेपेला आपल्या कारभारणीला पाठवावे. पंधरा-पंधरा वाऱ्या झालेले पुरुष मी पाहतो, आणि त्यांच्या घरी पंढरीला एसटीने एकदाच जाऊन आलेली बाई. ती 'जाते' म्हणणार नाही. 'म्हशीचं कोण बघंल?' एवढेच म्हणेल. त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार असू द्या. पंधरा दिवस धार काढल्याने कुणाची पाटीलकी जात नाही.

पण एकटीने जाऊ नये. जाऊ असेल, नणंद असेल, नाहीतर शेजारीण. सोबत हवी, आणि ती चालीने जुळणारी हवी. नात्यापेक्षा चाल पाहावी. एकीची लांब ढांग आणि दुसरीचे गुडघे धरलेले, असे झाले की दोघींचेही हाल. घरून निघण्याआधी आठवडाभर रोज चार-पाच किलोमीटर मिळून चालून पाहा, म्हणजे कळते. पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांब, सुमारे ३० किलोमीटरचा, आणि त्यातच दिवेघाटाची चढण. तो निभावला की जेजुरी, वाल्हे जड वाटत नाहीत.

आपल्या दिंडीचा क्रमांक दोघींनी पाठ करावा. घरचा फोन नंबर कागदावर लिहून कमरेच्या पिशवीत ठेवावा. गर्दीत मोबाईल लागेलच असे नाही. चुकामूक झाली तर दिवसभर शोधत फिरू नये, मुक्कामाच्या तळावर आपल्या दिंडीच्या तंबूशी थांबावे.

चपला जुन्या, पायाला बसलेल्या घाला. नव्या कोऱ्या चपलेने लोणंदच्या आतच फोड येतात. फोड फोडू नये, स्वच्छ फडक्याने झाकावा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी अनवाणी चालण्याचा नेम करू नये, आणि रोज रात्री सोबतिणीने तिचे तळवे दिव्याशी धरून पाहावेत. अशा पायाला जखम झालेली कळत नाही. गोळ्या रोजच्या रोज घ्याव्यात. उपासाच्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा, मीठ मापाबाहेर नको.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि माणसे घरी बसली. तेव्हा 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या पुढच्या वर्षी नव्हत्या. तुमच्या घरात कोणाची वारी राहिली आहे, ते आज जेवताना विचारा.

गोणपाटावरचे दाणे मात्र उद्याच मांडा. पुढच्या अंकात बीजप्रक्रियेविषयी बोलू.