खरं कुणी सांगायचं?

भरताची वांगी निघायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या असोद्यातली एक बाई भरदुपारी घरी आली. हातात वांग्यांची पिशवी, डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, पोरीले स्थळ आलंय. मुलाकडचे तुम्हाले विचारतील. पोरगी चांगली आहे, एवढंच सांगा. बाकी काही बोलू नका वं माय!"

'बाकी काही' म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पोरगी चार वर्षांपूर्वी एका मुलाबरोबर निघून गेली होती. त्याने आठ महिन्यांत टाकलं. परत आली तेव्हा दिवस गेलेले. बाळ भावाचं म्हणून वाढतंय आणि स्वतःच्या आईला 'आत्या' म्हणतंय. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहिलंय.)

खरं सांगते, मी 'हो' म्हणायच्याच बेतात होते. एका खोट्याने पोरीचं कल्याण होत असेल तर काय बिघडलं? घरात सासूबाई मात्र म्हणाल्या, "समोरच्यांनाही लेकरं आहेत. सगळं सांगून टाक." रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावला माझ्या ओळखीच्या एका सिस्टरांकडे गेले. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. मला वाटलं, या 'क्षमा करा' म्हणतील आणि माझं ओझं उतरेल. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही हाच घोळ आहे बघा. कुणी क्षमेच्या नावाखाली सगळं झाकतात, कुणी सत्याच्या नावाखाली बाईला दार दाखवतात. दोन्ही सोपं. अवघड ते मधलं."

मग त्यांनी शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, आता भलत्याच माणसाबरोबर राहणारी. येशूने तिच्याकडे आधी प्यायला पाणी मागितलं. तिच्या हातचं! तिच्या आयुष्यातलं खरं नंतर निघालं, तेही दोघांतच. गावात जाऊन त्याने बोभाटा केला नाही. गावात गेली ती बाई, आपल्या पायांनी, आणि आपल्या तोंडाने बोलली.

ही गोष्ट ऐकताना मला पंडिता रमाबाई आठवल्या. बी.ए.ला असताना त्यांच्याविषयी वाचलं होतं. ऐन तेविशीत विधवा झालेली, संस्कृतची एवढी पंडित बाई १८८३ साली इंग्लंडला गेली. तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचा आश्रम दाखवला. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायका तिथे मायेने सांभाळल्या जात होत्या. हे कशाच्या बळावर करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना हीच विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली गेली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, तेव्हा अशा बायकांसाठी तिथे 'कृपासदन' काढलं. नुसतं कुरवाळणं नव्हतं हो! विणकाम, छापखाना, शेती, असली कामं मुक्तीतल्या बायका शिकल्या.

आणि खरेपणाची किंमत? १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या, गावात ओरड झाली. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनी लावलं नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचं धर्मांतर पटो न पटो, त्यात मी पडत नाही. पालकांची भीतीही मला समजते. पण चोरून प्रार्थना करणारी बाई पुढे दुसऱ्या बाईला ताठ मानेने कशी उभी करणार, असं मला वाटतं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलू नका. पण खरंही तुम्ही सांगू नका. ते तिचं आहे."

मी पोरीला घरी बोलावलं. आधी चहा केला. तिला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" चार वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. आम्ही तिच्यासाठी खोटं ठरवत होतो, तिच्यासाठी खरंही ठरवत होतो, आणि ती बिचारी स्वयंपाकघराच्या दारात उभी! खूप वेळ रडली. मग म्हणाली, "मीच सांगते. तुम्ही फक्त बाजूला बसा."

बसले. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याची आई अर्धा कप चहा तसाच ठेवून उठली. निरोप काही आला नाही. त्यांनी कुठे वाच्यता केली नाही, एवढं मात्र खरं. पोरीची आई अजून माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसली की पदर पुढे ओढून निघून जाते. तिचं चुकतंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पोर आता माझ्याकडे शिलाई शिकायला येते. परवा तिचं लेकरू दारात येऊन 'आत्या' म्हणून हाका मारू लागलं. बाकीच्या बाया मशीनवर माना घालून बसल्या. ती उठली, त्याला मांडीवर घेतलं आणि राहिलेली शिवण पुरी केली.