चेहऱ्यावर जाऊ नका, कागद पाहा

तुमच्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा नात्यात असे एखादे आजोबा असतात. लहानपणी त्यांनी एका गाजलेल्या विनोदी चित्रपटात काम केलं होतं, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगतात. मग कुणीतरी सत्कार ठरवतं, कुणी मोबाइलवर मजकूर फिरवतं, रविवारच्या पुरवणीत चौकट येते. माझी विनंती एवढीच आहे की, शाल-श्रीफळ आणायच्या आधी आठवडाभर थांबा आणि ती गोष्ट तपासा. का, ते सांगायला मला तुम्हाला थोडं लांब, कॅलिफोर्नियात न्यावं लागेल.

लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कल्व्हर सिटीत हॅल रोच यांचा स्टुडिओ होता. १९२२ पासून तिथून ‘अवर गँग’ नावाचे छोटे विनोदपट बाहेर पडू लागले. गल्लीतली पोरं, त्यांचा कुत्रा आणि दिवसभराच्या उचापती, एवढंच त्यांचं भांडवल. गोरी आणि काळी मुलं एका टोळीत एकत्र खेळताना पडद्यावर दिसणं ही त्या काळच्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती. मूकपट गेले, बोलपट आले, तरी मालिका चालूच राहिली. १९३८ मध्ये रोच यांनी ती एमजीएम या चित्रपट कंपनीला विकली आणि १९४४ मध्ये ती थांबली. एकूण २२० लघुपट झाले. बावीस वर्षं कोणतंही मूल मूल राहत नाही. एक मोठा झाला की त्याच्या जागी दुसरा आणला जाई, आणि टोळी तशीच लहान राही.

१९५५ पासून हे जुने लघुपट टीव्हीवर दिसू लागले. ‘अवर गँग’ हे नाव एमजीएमकडे राहिलं होतं, म्हणून टीव्हीवर त्यांना ‘द लिटल रास्कल्स’ हे नाव मिळालं. एक अख्खी नवी पिढी ती मुलं रोज बघत वाढली. पण तिला माहीत होते ते फक्त त्यांचे सहा-सात वर्षांचे चेहरे. ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीत कशी दिसतात, कुठे राहतात, काय करतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तोतयाला याहून सोयीची जागा मिळणार नाही. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आणि माणूस कुणाच्याच नाही.

त्या टोळीत बकव्हीट नावाचं एक पात्र होतं. ते ज्यानं सर्वांत जास्त काळ रंगवलं, त्याचं नाव बिली थॉमस. जन्म १९३१, लॉस एंजेलिस. जेमतेम तीन वर्षांचा असताना तो टोळीत आला आणि १९४४ मध्ये मालिका बंद होईपर्यंत राहिला. पुढे तो सैन्यात गेला. परत आल्यावर त्यानं टेक्निकलर कंपनीच्या फिल्म लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी धरली आणि शांतपणे संसार केला. १९८० मध्ये लॉरेल-हार्डीच्या चाहत्यांचं लॉस एंजेलिसला संमेलन भरलं होतं. तिथे तो मंचावर आला तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला हृदयविकारानं तो गेला. वय एकोणपन्नास.

आणि ऑक्टोबर १९९० मध्ये एबीसी या मोठ्या वाहिनीच्या ‘२०/२०’ या कार्यक्रमात देशानं बकव्हीटची मुलाखत पाहिली! ॲरिझोनातल्या एका किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देणारा एक माणूस आपण बकव्हीट असल्याचं सांगत होता. एक-दोन वर्षं नव्हे, जवळपास तीस वर्षं तो तेच सांगत आला होता. खरा बकव्हीट जिवंत असताना, त्याच देशात नोकरीला जात-येत असतानाही तो हे सांगत होता. वाहिनीनं त्यावर विश्वास ठेवला. टोळीतला जुना सवंगडी जॉर्ज ‘स्पँकी’ मॅकफार्लंड याला मात्र बिली गेल्याचं माहीत होतं. त्यानं पत्रकारांना गाठून तसं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात वाहिनीला त्याच कार्यक्रमात चूक कबूल करावी लागली. एका निर्मात्याला नोकरी सोडावी लागली. बिलीच्या मुलानं वाहिनीवर निष्काळजीपणाचा दावा लावला.

त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वडील जाऊन दहा वर्षं झाली आहेत. त्यांनी शांतपणे नोकरी केली, संसार केला. आणि एका रात्री देशभरच्या टीव्हीवर परका माणूस तुमच्या वडिलांच्या नावानं बोलतो आहे. ‘अहो, त्यात कुणाचं काय गेलं? म्हाताऱ्याला थोडा आनंद मिळाला तर मिळू द्या,’ असं म्हणणारे मला खूप भेटतात. गेलं ते या मुलाचं. खोट्या बालकलाकाराला घातलेला प्रत्येक हार खऱ्याच्या गळ्यातून काढलेला असतो. खरा बहुतेक वेळा हयात नसतो, म्हणून त्याची तक्रार ऐकू येत नाही, इतकंच.

आपल्याला हे नवं नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि भलेभले त्याच्यामागे गेले. भाऊ जिवंत असावेत अशी लोकांची मनापासून इच्छा होती, आणि तोतयाचं निम्मं काम त्या इच्छेनंच केलं. जुन्या विनोदी चित्रपटांचं तसंच आहे. त्या सिनेमांवर आपलं प्रेम असतं. त्यातलं हसरं पोर आपल्या शेजारी राहतं हे खरं असावं, असं आपल्याला वाटतं. म्हणून पहिली तपासणी स्वतःचीच करा. हे खरं ठरावं असं मला फार वाटतंय का? वाटत असेल तर दुप्पट सावध राहा.

पण माणसाला लगेच खोटारडा ठरवू नका, हेही तितक्याच कळकळीनं सांगतो. बकव्हीटचंच बघा. हे पात्र आधी मुलीचं होतं. टोळीतल्या स्टायमीची धाकटी बहीण कार्लेना आणि आणखी एक मुलगी, अशा दोघींनी ते बिलीच्या आधी रंगवलं होतं. त्यांच्यापैकी कुणी म्हातारपणी ‘मी बकव्हीट होते’ म्हटलं असतं, तर ते पूर्ण खरं ठरलं असतं. भूमिकेचं नाव हे माणसाचं नाव नव्हे. म्हणून ‘तुम्ही अमुक होता का?’ असं विचारू नका. कोणत्या चित्रपटात, कोणत्या वर्षी आणि कोणत्या दृश्यात, ते विचारा. शिवाय त्या स्टुडिओत चाचणीसाठी मुलांना घेऊन येणाऱ्या आयांची रीघ असे. ज्याची निवड झाली नाही, त्याच्याही घरी ‘तू सिनेमावाल्यांकडे गेला होतास’ ही गोष्ट उरतेच. ती आई सांगते, मग मावशी सांगते, आणि चाळीस वर्षांनी ते मूल स्वतःच ‘मी सिनेमात होतो’ म्हणू लागतं. ह्यात फसवणूक नसते. आठवण घरातल्या घरात मोठी होत जाते.

आमच्याच घरातलं सांगतो. माझ्या मामांनी लहानपणी कोल्हापूरला एका विनोदी चित्रपटात ‘रोल’ केला, असं आम्ही भावंडं शाळेत छातीठोकपणे सांगायचो. पुष्कळ वर्षांनी मी त्यांच्याजवळ बसून नीट विचारलं. कोण घेऊन गेलं? काय घालायला दिलं? जेवायला काय होतं? मामा खुलले. रिफ्लेक्टरचा चटका, गुळाचा खडा आणि चुरमुरे, सदऱ्याला टोचलेली टाचणी, पुन्हा पुन्हा तेच धावायला लावलं म्हणून रडलेली एक मुलगी, सगळं त्यांनी सांगितलं. आणि मग स्वतःहूनच म्हणाले, ‘रोल कसला रे, दोन दिवस गर्दीत पळालो. पिक्चरमध्ये राहिलो की कापलं, ते बघायलाही मिळालं नाही.’ रोल त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. तो शब्द आमचा होता.

तेव्हापासून मी हीच कसोटी लावतो. जो फक्त सिनेमा बघून बोलतो, तो पडद्यावरची गोष्ट सांगतो. जो तिथे होता, त्याला पडद्याबाहेरचं आठवतं: कोण आणून सोडायचं, शाळेचं काय केलं, पैसे कुणाच्या हातात दिले, कुणी दम भरला. ‘अवर गँग’च्या मुलांना स्टुडिओतच शिकवलं जाई, तिथे त्यांची शिक्षिका होती. खऱ्या मुलाला त्या वर्गाची आठवण असणार. नायकाशी आपली किती दोस्ती होती हेच जो सांगत राहतो, पण दुपारी काय खायचो हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत आणखी खणा.

मग वय मोजा. सगळ्यात सोपी तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त विसरली जाते तीही हीच. चित्रपटाच्या प्रदर्शनाच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करा आणि पडद्यावरचं मूल तेवढ्या वयाचं दिसतं का ते बघा. जन्मवर्ष तोंडी घेऊ नका. शाळा सोडल्याचा दाखला मागा. त्यात जन्मतारीख असते, आणि त्या वर्षी मूल कोणत्या गावच्या शाळेत होतं हेही असतं. अमेरिकेत बहात्तर वर्षांनी जनगणनेचे घरोघरचे तक्ते खुले होतात. १९४० चे २०१२ मध्ये झाले, १९५० चे २०२२ मध्ये. ज्या काळात आपण कल्व्हर सिटीत चित्रीकरण करत होतो असं कुणी सांगतो, त्या काळात त्याचं कुटुंब हजार मैलांवर नांदत होतं का, ते कुणालाही पाहता येतं. लिओनार्ड मॉल्टिन आणि रिचर्ड बॅन यांनी १९७७ मध्ये ‘अवर गँग’वर पुस्तक लिहिलं, तेही एकेका लघुपटात कोण होतं हे नोंदवत. बिली थॉमसचं नाव त्यात कुणालाही सापडलं असतं. वाहिनीनं ते पुस्तक नीट उघडलं असतं आणि टोळीतल्या कुणालाही एक फोन केला असता, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

आपल्याकडे पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. जुने चित्रपट, पोस्टर, छायाचित्रं, चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, असा ठेवा तिथे जपला आहे. या पुस्तिकांवर पुष्कळदा कलाकारांची नावं छापलेली असतात, आणि ती चित्रपटाच्या काळातली असतात, म्हणून त्यांना वजन आहे. फक्त बालकलाकारांच्या नावाआधी येणाऱ्या ‘मास्टर’ शब्दाला फसू नका. मास्टर विनायक, मास्टर भगवान ही प्रौढ माणसं होती. आणि ‘बेबी’ म्हणजे पडद्यावर मुलगीच असेल असंही नाही. डेझी आणि हनी इराणी या बहिणींनी मुलांच्या भूमिका केल्या, आणि एकीच्या जागी दुसरीचं नाव आजही सर्रास घेतलं जातं. तोंडावळ्यावरून ओळख पटवणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं.

चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर नाव आहे, हा पुरावा नव्हे. तिथल्या कितीतरी नोंदी वाचकांनीच पाठवलेल्या असतात, कधी दावा करणाऱ्यानं स्वतः. एकाच नोंदीवरून पाच ठिकाणी उतरलेला मजकूर म्हणजे पाच पुरावे नव्हेत, तो एकच. जुना फोटो जवळ असणं हाही पुरावा नव्हे, कारण चित्रपटांची प्रसिद्धीची छायाचित्रं बाजारात विकत मिळत आली आहेत. घरचा फोटो मागा, ज्यात तेच मूल आईबरोबर आहे, आणि तो पडद्यावरच्या चेहऱ्याशेजारी ठेवा. आणि तपासाच्या सुरुवातीलाच हे विचारा: ती भूमिका दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे का? असेल तर तो माणूस किंवा त्याची मुलंबाळं कुठे आहेत? त्यांना गाठा. ‘२०/२०’वाल्यांनी नेमकं हेच केलं नाही.

विचारणं एकांतात करा, चारचौघांत नको. दावा टिकला नाही, तर त्या घराला शांतपणे सांगा, कार्यक्रम दुसऱ्या कारणासाठी करा आणि विषय तिथेच मिटवा. सत्तरीच्या माणसाला मोबाइलच्या गटावर उघडं पाडून सत्याचं काही भलं होत नाही. काहीच ठरवता आलं नाही तर ‘त्यांच्या सांगण्यानुसार’ हे दोन शब्द घाला आणि छापा. हे दोन शब्द मृत्युलेखात तर विसरूच नका. एकदा मृत्युलेखात छापलेली गोष्ट पुढचे लोक न तपासता उचलतात, आणि उलट विचारायला माणूस उरलेला नसतो.

बिली थॉमसच्या मुलानं दाव्यावर भागवलं नाही. १९९२ मध्ये नॉर्थरिजच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात, जिथे तो स्वतः शिकला होता, त्यानं विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तिला त्यानं बकव्हीटचं नाव दिलं.