जिरायत आणि बागायत

जिरायत आणि बागायत हे शेतीचे दोन मुख्य प्रकार होत. हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. उर्दूतील 'जिराअत' आणि 'बाग' हे त्यांचेच सगेसोयरे आहेत. पावसावर होते ती जिरायत; विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर होते ती बागायत.

बागायतदार श्रीमंत आणि जिरायत करणारा गरीब, असे आपण समजतो. त्यात तथ्यही आहे. एक पाऊस चुकला की जिरायत पीक हातचे जाते. उसाला मात्र कारखान्यासारखे हुकमी गिऱ्हाईक असते.

पण हिशेब केवळ पैशांचाच करावा का? आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा राहून पाणी पितो. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतील ओलाव्यावर चार-साडेचार महिन्यांत येते. ती माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा देते.

लातूर जिल्ह्यात पाऊस बेताचा, तरी ऊस पुष्कळ. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुष्काळ हे कारण होतेच. पण जमिनीतील पाण्याचा वारेमाप उपसाही होता. उलट, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. तेथे पाणी मोजून पिके ठरवतात.

म्हणून बागायत वाईट, असे नव्हे. ऊस लावायचाच, तर ठिबक सिंचनावर लावावा. शेजाऱ्याची विहीर आटवून पिकवलेला ऊस कितीही गोड असला, तरी गावाला तो महागच पडतो.